बेनिग्नाची निळी फीत

आमच्या ख्रिस्ती मंडळीत आनंदी राहणं सक्तीचं आहे. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पडलेल्या चेहऱ्याने रस्त्यावरून गेलात तर दहा पावलांत कुणीतरी थांबवून काय झालं म्हणून विचारतं, आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. त्याला तारणाऱ्याचं नाव घेऊन पुढे सटकायचं असतं. मी या गावात दात काढतो. या आनंदी माणसांची तोंडं मी वर्षानुवर्षं आतून पाहत आलोय. बहुतेकांचा आनंद ओठांपर्यंतच असतो, दाढेपर्यंत फार थोड्यांचा पोचतो.

मेलेल्याला आम्ही मेला म्हणत नाही, घरी गेला म्हणतो. कुणी घरी गेलं की आम्ही सहा-सात जण पितळी वाद्यं घेऊन प्रार्थनागृहाच्या मनोऱ्यावर चढतो आणि तीन सुरावटी वाजवतो. पहिली आणि तिसरी सगळ्यांना सारखीच. मधली मात्र गेलेला माणूस कोणत्या गटातला ते सांगते. लग्न झालेल्या बंधूंची निराळी, लग्न झालेल्या भगिनींची निराळी, विधवांची, विधुरांची, कुमारिकांची, लेकरांची, प्रत्येकाची निराळी. खाली पुरुष टोप्या काढून उभे राहतात आणि मनातल्या मनात गावातल्या आजाऱ्यांची नावं घेत बसतात. या वाजवणाऱ्यांचा म्होरक्या मी. माझा विश्वास बेताचाच आहे, पण ट्रॉम्बोन बरा वाजवतो आणि मंडळीला दुसरा कुणी मिळत नाही.

आमच्या पूर्वजांना माणसं कप्प्यांत लावून ठेवायची फार हौस. प्रभुभोजनाला, म्हणजे तारणाऱ्याच्या आठवणीत भाकर मोडतात त्या प्रार्थनेला, बायका पांढरी टोपी घालतात आणि हनुवटीखाली फीत बांधतात. नवरा असला तर निळी, नवरा गेला तर पांढरी, लग्नच झालं नसेल तर गुलाबी. टोपीकडे एक नजर टाकली की बाईचं सगळं आयुष्य कळलं, असं आम्ही समजतो.

बेनिग्ना लिंडनर निळी फीत बांधायची, आणि तेच सगळ्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. तिचा नवरा राइनहोल्ड चव्वेचाळीस साली रशियाच्या आघाडीवर गेला. त्याचं शेवटचं पत्र त्याच वर्षी उन्हाळ्यात आलं. मग युद्ध संपलं, संपता संपता बेनिग्नाचं घर जळालं, आणि ती मुलांच्या वसतिगृहाच्या धोबीखान्यात कामाला लागली. राहायला धोबीखान्याच्या वरचीच खोली मिळाली. पंचावन्न सालच्या शरद ऋतूत रशियाने उरलेसुरले कैदी सोडले. त्यांच्यात राइनहोल्ड नव्हता आणि त्याला पाहिलेलाही कुणी नव्हता. त्या हिवाळ्यात गावातल्या नवऱ्यांची वाट बघत उरलेल्या बायकांनी मुकाट्याने पांढऱ्या फिती बांधल्या. ही बया निळीच बांधून पुढच्या बाकावर गळा मोकळा सोडून गायची.

मला ती आवडत नव्हती. छप्पन सालच्या जानेवारीत ती माझ्याकडे दाढ काढायला आली. भूल द्यायचं औषध नव्हतं. आमच्या साम्यवादी सरकारकडे तेव्हा घोषणा मुबलक होत्या, औषधं नव्हती.

"थांबावं लागेल," मी म्हटलं. "कधी येईल सांगता येत नाही."

"ओढा की. मी खुर्ची घट्ट धरते."

मी ओढली. दाढेला तीन मुळं होती आणि तिन्ही वाकडी. बाई घामाने निथळली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तोंडातलं रक्त थुंकून ती चक्क हसली.

"चला, एक दुखणं कमी झालं. बाकीची ओळखीची आहेत."

अशा माणसांचा मला राग येतो. कण्हणारा रोगी परवडला. तो निदान दुसऱ्याला लाजवत नाही. माझी बायको हेडविग पाच वर्षांपूर्वी गेली, पोटातल्या गाठीने. तेव्हा मी हसलो नव्हतो, गायलो नव्हतो. मनोऱ्यावर चढून तिच्यासाठी वाजवलं, खाली उतरलो, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनागृहात विधुरांच्या बाकावर बसू लागलो. पुढे तो विषय मी कुणाला काढू दिला नाही.

फेब्रुवारीत थंडी अशी पडली की गावातले नळ फुटले. कोळशाच्या विटा रेशन कार्डावरही मिळेनात. बेनिग्नाच्या खोलीत शेगडी नव्हती. खालच्या धोबीखान्याची वाफ वर यायची, भिंतीत मुरायची आणि तिथेच गोठायची. बाई खोकू लागली. भोजनाच्या प्रार्थनेत, गाण्यात, रस्त्यात, सगळीकडे तिचा खोकला ऐकू यायचा. तो ऐकून लोक तिच्याकडे दयेने बघायचे आणि आपापल्या उबदार घरी जायचे.

त्याच आठवड्यात विधवागृहातली एक म्हातारी घरी गेली आणि तिची खोली रिकामी झाली. विधवागृह म्हणजे चौकातली जुनी दगडी इमारत. जाड भिंती, दक्षिणेकडे तोंड, प्रत्येक खोलीत चिनीमातीची उंच शेगडी. जंगलातलं लाकूड त्यांना जुन्या हक्काने मिळतं. बेनिग्नाला ती खोली मिळाली तर ती जगणार होती. धोबीखान्यावर राहिली तर मार्च बघणार नव्हती. हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती, दातांचाही पुरेसा होता.

अडचण एकच. विधवागृहात फक्त विधवा राहू शकते.

पाळक झाइट्झ, वडीलमंडळातले औषधविक्रेते गेम्पर आणि मी असे तिघे तिला सांगायला गेलो. पाळक झाइट्झ हा गोरा, गुबगुबीत, मऊ हातांचा माणूस. त्याने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, कारण तेवढी मेहनत त्याला झेपणारी नव्हती. गेम्पर म्हणजे नियमांचा पुतळा. खोकल्याचं औषध देतानाही जणू आपल्या इस्टेटीतला हिस्सा देतोय असा चेहरा करायचा.

खिडकीच्या काचेवर आतून बर्फ होतं. बेनिग्ना पलंगावर कोट घालून बसली होती. तिने आम्हाला दोन खुर्च्या आणि एक उलटी बादली दिली. बादली गेम्परच्या वाट्याला आली.

"भगिनी बेनिग्ना," पाळकांनी मऊ सुरुवात केली, "खोली तयार आहे. शेगडी पेटवलेलीसुद्धा आहे. तू फक्त विधवांच्या गटात ये. एक छोटी प्रार्थना, पांढरी फीत, झालं."

"पण मी विधवा नाहीये, पाळकसाहेब."

"अगं, शेवटचे कैदी आले ना परत?"

"आले. मी स्टेशनवर गेले होते बघायला."

"मग?"

"मग काही नाही. शेगडीपाशी बसायला मिळावं म्हणून तारणाऱ्यासमोर खोटं बोलू का?"

गेम्पर बादलीवर जरा सरकला. "भगिनी, याला हट्ट म्हणतात. देवाची इच्छा स्वीकारायला नम्रता लागते."

"तुम्हाला बादली बोचतेय का, बंधू?" तिने काळजीने विचारलं. "उशी देऊ?"

त्यानंतर तिला खोकल्याची उबळ आली आणि आम्ही उठलो. जिन्यात गेम्पर म्हणाला की या बाईचं डोकं फिरलंय, अजून नवरा येईल म्हणून वाट बघतेय. मलाही तेच वाटलं. बारा वर्षं न आलेल्या माणसासाठी जीव द्यायला निघालेली बाई मला थोर वगैरे मुळीच वाटली नाही. मला ती मूर्ख वाटली.

दोन दिवसांनी पाळक झाइट्झ माझ्या दवाखान्यात आला. चेहऱ्यावर तेज होतं. माणसाला आयुष्यात एखादीच कल्पना सुचते तेव्हा तो असाच दिसतो.

"बंधू ट्राउगोट, आपण राइनहोल्डसाठी वाजवू या."

"काय वाजवू या?"

"घरी गेल्याची सुरावट. लग्न झालेल्या बंधूंची. बारा वर्षं झाली, त्याच्यासाठी मनोऱ्यावरून कुणी वाजवलंच नाही. म्हणूनच तिचा जीव त्याच्यात अडकलाय. एकदा वाजलं की सगळ्या गावाने ऐकलं. मग ती विधवा झालीच की नाही?"

मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. "म्हणजे तुम्ही ट्रॉम्बोन वाजवून एका बाईला विधवा करणार."

"तू फार टोचून बोलतोस. मी तिला ऊब देणार आहे."

आमच्याच लोकांना असली कल्पना सुचू शकते. बाकीच्या जगात माणूस मेला की वाद्य वाजतं. आमच्याकडे वाद्य वाजलं की माणूस मेला. तरी मी हो म्हटलं. पाळकाबद्दल आदर होता म्हणून नाही. तिचा खोकला माझ्या दवाखान्याच्या खिडकीपर्यंत यायचा आणि मला तो आता ऐकवत नव्हता.

मंगळवारी सकाळी आम्ही वर चढलो. वारा इतका बोचरा होता की वाद्याचं तोंड ओठांना चिकटत होतं. पहिली सुरावट झाली. खाली माणसं थांबली, टोप्या निघाल्या. मग मी लग्न झालेल्या बंधूंची सुरावट धरली.

एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. त्या आठवड्यात गावात लग्न झालेला एकही बंधू आजारी नव्हता.

वरून सगळं दिसत होतं. पहिल्यांदा बेकरीवाली पळत सुटली, कणकेने भरलेल्या हातांनी. मग शाळेतली बाई. मग एकेका दारातून एकेक बाई, कुणी डोक्याला रुमाल न बांधता, कुणी एकाच पायात बूट घालून. ज्या नवऱ्यांशी आठवडा-आठवडा धड बोलत नव्हत्या त्यांच्या नावाने हाका मारत त्या बर्फातून धावत होत्या. लोहाराची बायको घसरून पडली आणि गुडघ्यांवरच पुढे गेली. माझा कॉर्नेटवाला हसू आवरेना म्हणून बेसूर झाला. गेम्परबाई औषधाच्या दुकानात पोचल्या तेव्हा गेम्परची खुर्ची रिकामी होती, कारण तो पाळकांच्या शेजारी प्रार्थनागृहात हात बांधून उभा होता. बाईंनी तिथेच दुकानात जमिनीवर बसून टाहो फोडला, हे मागाहून कळलं. नंतर लोकांनी त्यांना प्रार्थनागृहात आणलं आणि नवरा धडधाकट समोर दिसला, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. त्या सकाळी झालेलं हे एकमेव पुण्यकर्म.

आम्ही खाली आलो तोवर अर्धं गाव प्रार्थनागृहात जमलं होतं, आणि जो तो आपलं माणूस मोजत होता. पाळकांनी हात वर केला.

"प्रिय मंडळी, आपले बंधू राइनहोल्ड लिंडनर घरी गेले आहेत."

सुटकेचा असा निःश्वास मी त्या इमारतीत कधी ऐकला नव्हता. दुसऱ्याचा नवरा गेला याचा आनंद कुणी इतका उघड करू नये.

तेवढ्यात बेनिग्ना आली. धोबीखान्यातून तशीच, ओला एप्रन, लाल झालेले हात. लोकांनी वाट दिली. पाळकांच्या हातात घडी घातलेली पांढरी फीत होती.

"बातमी कुणी आणली?" तिने विचारलं.

पाळक घसा खाकरून म्हणाले, "बातमी अशी नाही, भगिनी. आम्ही विचार केला..."

"म्हणजे सभेत बसून ठरवलंत."

"बारा वर्षं झाली. किती वाट बघणार तू?"

"वाट?" ती खरोखर बुचकळ्यात पडली. "मी कुठे वाट बघतेय? पाळकसाहेब, मी काय खुळी आहे? तो त्याच उन्हाळ्यात गेला असणार. त्याची छाती आधीच नाजूक, आणि स्वभाव असा की दुसऱ्याला बूट देऊन स्वतः अनवाणी चालायचा. असा माणूस रशियात किती टिकेल? मी कधीच रडून घेतलंय. वाट बघतेय असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

 गेम्परचा एक गाल अजून लाल होता.

"मग हा हट्ट कशाला?" पाळक म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ नव्हता. "मग तू विधवाच आहेस."

"दर ईस्टरला पहाटे आपण कबरींमध्ये उभे राहतो," बेनिग्ना म्हणाली. "तुम्ही मोठ्याने म्हणता की गेलेले सगळे तारणाऱ्याजवळ जिवंत आहेत. आम्ही आमेन म्हणतो. मीही म्हणते. फरक एवढाच आहे की कबरस्तानातून परत येताना मी ते तिथे ठेवून येत नाही. नवरा जिवंत आहे तर मी विधवा कशी?"

"लग्नाची शपथ मरणाने वेगळं करेपर्यंतच असते."

"हो. पण मला अजून वेगळं केल्यासारखं वाटलेलं नाही."

"आणि तिकडे स्वर्गात लग्नं होत नाहीत, हे तारणाऱ्याचंच वचन आहे."

"नवी होत नसतील. माझं झालेलं आहे. तुमच्या आधीच्या पाळकांनी लावलेलं, इथेच."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बेनिग्नाही हसली आणि त्या हसण्याचा खोकला झाला, आणि तो इतका वेळ चालला की लोक जमिनीकडे बघू लागले. मग ती तोंड पुसून म्हणाली, "सुरावट मात्र छान वाजली. राइनहोल्डला आवडली असती. कॉर्नेट सोडून." आणि ती परत कपडे धुवायला गेली.

पाळकाने फीत खिशात घातली. गेम्पर म्हणाला, नियम तो नियम, मग खोली नाही. एवढी मोठी मंडळी, पण तिच्यासाठी शब्द काढायला एकही जीभ हलली नाही. सगळे मूग गिळून घरी गेले. मीही गेलो. मी मनात म्हणत होतो की बाई वेडी नाही, हे तर जास्तच वाईट झालं. वेडीला उचलून तरी नेता आलं असतं.

आठवड्याभरात ती पडली. जिल्ह्याच्या डॉक्टरची गाडी बर्फात अडकली होती, म्हणून धोबीखान्यातल्या मुलीने मला बोलावलं. अंगात ताप फणफणत होता, उजव्या फुप्फुसातून आवाज येत होता. आणि ही बाई गोधडीत गुरफटून काहीतरी गुणगुणत होती.

माझं डोकं फिरलं. "गाताय कशाला? मरताय तुम्ही. एक शब्द बोला, फक्त एक. मी जाऊन त्यांना सांगतो आणि तासाभरात तुम्ही शेगडीपाशी असाल. खरं-खोटं कुणाला कळणार आहे?"

"राइनहोल्डला कळेल," ती म्हणाली. "आणि मग वर गेल्यावर मला तोंड दाखवावं लागेल. तो फार चिडवतो हो."

"तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते की. रात्री फार वाटते. थंडी वाजते, छाती दुखते, आणि वाटतं की हे सगळं उगीच बोलतो आपण." तिने श्वास घेतला. "मग सकाळी परत म्हणून बघते. बहुतेक वेळा पुन्हा खरं वाटायला लागतं. रोज नाही."

 मला वाटलं होतं की तिचा आनंद जन्मजात आहे, जशी काही माणसांची हाडं जाड असतात तशी. ती तो रोज सकाळी हातांनी घासून काढत होती, हे मला तेव्हा कळलं. आणि माझा रागही तेव्हा कुठे नीट भडकला. तो तिच्यावरचा नव्हता.

मी पाळकाकडे गेलो नाही. त्याच्याकडे जाऊन पुन्हा मऊ हात बघायचे नव्हते. मी विधवागृहाच्या कर्त्या भगिनी सालोमेकडे गेलो. वय ब्याऐंशी, वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या मी बसवलेल्या, त्यामुळे माझ्याशी जरा बरं बोलायची. तिचा नवरा पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"आम्हाला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. ती वडीलमंडळाची सभा बसते ना, त्यातल्या प्रत्येकाच्या घरी बायको आहे. विधवा कोण हे ते काय ठरवणार?" मग तिने आत तोंड करून हाक मारली, "पोरींनो, हातगाडी काढा."

त्या पोरींमध्ये साठीच्या आतली एकही नव्हती. गोधड्या, गरम विटा आणि एक पिसांची गादी घेऊन दहा म्हाताऱ्या बर्फातून हातगाडी ओढत निघाल्या. मी मदतीला गेलो तर मला मागून ढकलायला लावलं आणि नीट ढकलत नाही म्हणून बोलणीही खावी लागली. बेनिग्नाला गादीसकट खाली आणलं. ती म्हणत होती, "अहो, पण मी पांढरी बांधणार नाही हां, आधीच सांगते." सालोमे म्हणाली, "तू आधी तोंड झाक, वारं जातंय."

विधवागृहाच्या दारात पाळक आणि गेम्पर उभे होते. गावात बातमी वाऱ्याआधी पोचते.

"भगिनी सालोमे, हे नियमाला धरून नाही," गेम्पर म्हणाला.

"बंधू, शेगडीत लाकूड आम्ही घालतो, जिने आम्ही पुसतो, आणि मेलेल्या बाईला आंघोळही आम्हीच घालतो. इतक्या वर्षांत तुम्ही या दारात पहिल्यांदा उभे आहात. नियम वाचायचा असेल तर आत येऊन वाचा, बाहेर थंडी आहे. नाहीतर बाजूला व्हा. ही पोर थंडीने मरतेय आणि तुम्ही दार अडवून बसलात."

पाळक बाजूला झाला. तेवढं श्रेय मी त्याला देतो. गेम्परला गाडीच्या चाकाने बाजूला केलं.

बेनिग्ना वाचली. मार्चच्या मध्याला ती खाली सगळ्यांबरोबर जेवायच्या टेबलावर बसू लागली. मी तिची छाती तपासायला जायचो, निदान तसं सांगून जायचो, कारण तिथली कॉफी गावात सगळ्यात बरी होती. आणि तिथे एक चमत्कारिक गोष्ट सुरू झालेली मला दिसली. म्हाताऱ्या नवऱ्यांबद्दल बोलायला लागल्या होत्या. आधी त्यांचं 'तो होता', 'तो म्हणायचा' असं चालायचं. हळूहळू ते बदललं. एक म्हणाली, "माझ्या माणसाला कोबी अजिबात चालत नाही." दुसरी म्हणाली, "माझा फार घोरतो. तिकडे शेजारच्यांचं काय होत असेल?" आणि सगळ्या टेबलावर हात आपटून हसत होत्या.  सालोमे तेवढी कप ठेवून आपल्या खोलीत गेली.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी प्रभुभोजन होतं. विधवांची रांग नेहमीप्रमाणे शेवटी आत आली आणि प्रार्थनागृहात कुजबुज सुरू झाली. सालोमेच्या हनुवटीखाली निळी फीत होती. जुनी, घड्यांवर पांढरट पडलेली, चाळीस वर्षं कपाटात ठेवलेली. तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. सगळ्यांनी आपापल्या जपून ठेवल्या होत्या. इतकी वर्षं एकीनेही आपली फीत टाकून दिली नव्हती आणि आम्हाला कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. फक्त ओटिलिये नावाच्या भगिनीची फीत पांढरी होती. नंतर कुणीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझा नवरा तारणाऱ्याजवळ सुखात असो. चौदा वर्षं सोसला त्याला, आता पुन्हा नावाला नाव जोडायचं नाही." यावर सगळ्यात मोठ्याने बेनिग्नाच हसली.

पाळकाने भाकर मोडली आणि या बायकांनाही इतरांसारखीच दिली. गेम्परने पुढच्या सभेत तक्रार मांडायचं ठरवलं होतं, पण बायकोने त्याला तोंड उघडू दिलं नाही असं ऐकलं. खरं असावं. त्या मंगळवारी बर्फातून धावलेल्या बायका आता तशाही कुणाचं ऐकत नव्हत्या.

ईस्टरला पहाटे आम्ही कबरस्तानात होतो. आमच्याकडे सगळ्या कबरी सारख्याच, जमिनीलगत सपाट दगड, एका बाजूला बंधू, दुसऱ्या बाजूला भगिनी. नवरा-बायकोसुद्धा शेजारी नसतात. दोन्ही टोकांना उभे राहून आम्ही एकमेकांना उत्तर दिल्यासारखं वाजवतो. उजाडायला लागलं. पाळक झाइट्झ दरवर्षीप्रमाणे वाचू लागला, आणि जे आपल्या आधी घरी गेले ते जिवंत आहेत या ओळीशी आला. इतकी वर्षं तो ही ओळ रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तशी वाचत आला होता. त्याने मान वर केली. समोर निळ्या फितींची रांग होती, आणि त्या सगळ्या जणी त्याच्याकडे अशा बघत होत्या की जणू त्याने आताच त्यांच्या घरची खबर आणलीय. तो थांबला.  मला त्या माणसाबद्दल जन्मात पहिल्यांदा वाईट वाटलं. मग त्याने ती ओळ पुन्हा म्हटली, हळू, पुस्तकाकडे न बघता.

माझ्या पायांपासून वीसेक हातांवर भगिनींच्या बाजूला हेडविगचा दगड होता. मी तिकडे बघितलं नाही. वाजवणाऱ्याने पुढ्यातल्या कागदाकडे बघायचं असतं.

नंतर प्रार्थनागृहात कॉफी आणि गोड पाव होता. मी माझ्या जागी, विधुरांच्या बाकावर बसलो, जाकिटाच्या बाहीने ट्रॉम्बोन पुसत. बेनिग्ना कॉफीची मोठी किटली घेऊन बाकांमधून फिरत होती. अजून बारीक होती, पण गालावर रंग आला होता. प्रत्येकाला काहीतरी विचारत होती, कुणाचे गुडघे, कुणाची गाय, कुणाचा सीमा ओलांडून पश्चिमेकडे गेलेला मुलगा. ती माझ्यापाशी आली, कप भरला, आणि लग्न झालेल्या कुठल्याही पुरुषाला सहज विचारावं तसं तिने विचारलं, "आणि हेडविग कशी आहे, डॉक्टर?"

माझ्याकडे उत्तर तयार असतं. गेली पाच वर्षं हा प्रश्न वाऱ्यालाही उभा राहू नये इतकी उत्तरं मी साठवली होती, आणि त्यांतलं सगळ्यात धारदार जिभेवर आलंही होतं. शेजारचे दोन म्हातारे माझ्याकडे बघत होते. बेनिग्ना किटली धरून उभी होती. घाई नव्हती तिला. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बरी आहे," मी म्हटलं. मग मला वाटलं, एवढ्यावर भागणार नाही, म्हणून सांगितलं, "मी फार तुसडा झालोय म्हणून रागावली असेल."

"रागावलीच असणार," बेनिग्ना म्हणाली आणि पुढच्या बाकाकडे गेली.